हवाईचा ‘चांगला’ किनारा : ऋतू, जीवरक्षक आणि आरक्षणाचे नवे गणित

१ जानेवारी २०२६ पासून हवाईतील हॉटेल-मुक्कामावरील राज्य कर १०.२५ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेला. ‘ग्रीन फी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाढीतून वर्षाला सुमारे दहा कोटी डॉलर जमा होतील आणि ते पर्यावरणरक्षण व हवामानबदलाशी सामना करण्यासाठी खर्च होतील, अशी राज्य सरकारची अपेक्षा आहे. तीनशे डॉलरच्या खोलीमागे ही वाढ जेमतेम सव्वादोन डॉलर भरते. तरीही तिच्यावरून बरीच चर्चा झाली, कारण हा कर एकटा आलेला नाही. हानाउमा बे या ओआहू बेटावरील प्रसिद्ध उपसागरात जाण्यासाठी आरक्षण आणि पंचवीस डॉलर लागतात. कवाई बेटावरील हाएना राज्य उद्यानात दिवसाला ठरावीक पर्यटकांनाच प्रवेश मिळतो. ठरावीक रसायने असलेले सनस्क्रीन विकण्यास बंदी आहे. समुद्रात उतरण्यासाठीही परवानगी आणि पैसे का, असा प्रश्न पर्यटक विचारू लागले आहेत.

या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. पोहण्यासाठी आणि स्नॉर्केलिंगसाठी चांगला किनारा म्हणजे नेमका कोणता? प्रवास-संकेतस्थळे त्याचे उत्तर ‘सर्वोत्तम दहा’ अशा याद्यांनी आणि निळ्याशार छायाचित्रांनी देतात. हवाईच्या समुद्राचा स्वभाव मात्र अशा याद्यांत मावत नाही. तिथे एकच किनारा जुलैमध्ये लहान मुलांच्या डुंबण्याजोगा असतो आणि डिसेंबरमध्ये निष्णात पोहणाऱ्याचाही जीव घेऊ शकतो. हवाईत चांगला किनारा हा ऋतू, लाटांची दिशा, जीवरक्षकाची उपस्थिती आणि पाण्यात उतरणाऱ्याची क्षमता पाहून त्या-त्या दिवशी करायचा निर्णय असतो. आणि ज्या किनाऱ्यांवर सध्या सर्वाधिक निर्बंध आहेत, त्यांतील काही या निर्णयात इतरांपेक्षा सरस ठरतात.

डिसेंबरची सुट्टी आणि उत्तरेच्या लाटा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मराठी कुटुंबांना हवाई जवळची आहे. सॅन फ्रान्सिस्को किंवा सिॲटलहून पाच-सहा तासांत पोहोचता येते. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाण्यासाठी हा बेत सोयीचा वाटतो. शाळांच्या सुट्ट्यांमुळे अनेकांची ही सहल डिसेंबरच्या अखेरीस होते. नेमका हाच काळ उत्तर किनाऱ्यांसाठी सर्वांत धोक्याचा असतो.

साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात उत्तर पॅसिफिकमधील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून या बेटांच्या उत्तर आणि वायव्य किनाऱ्यांवर आदळतात. ओआहूच्या वायमेआ बे येथे तेव्हा लाटांची दर्शनी उंची तीस-चाळीस फुटांवर जाऊ शकते. तोच वायमेआ बे उन्हाळ्यात अनेकदा तलावासारखा शांत असतो. जवळचे पुपुकेआ हे सागरी संरक्षित क्षेत्र आणि त्यातील शार्क्स कोव्ह उन्हाळ्यात स्नॉर्केलिंगसाठी नावाजलेले आहे. हिवाळ्यात तिथे उतरणे जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यात चित्र उलटते. दक्षिण गोलार्धातील वादळांच्या लाटा दक्षिण किनाऱ्यांवर येतात. त्या तुलनेने लहान असल्या, तरी बेसावध माणसाला लोळवण्यास पुरेशा असतात.

कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ऋतूप्रमाणे बदलणारा समुद्र नवा नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि नारळी पौर्णिमेनंतरच होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, हे शहाणपण तिथल्या दिनदर्शिकेतच गुंफलेले आहे. हवाईत मात्र ही समज वेगळ्या प्रकारे वापरावी लागते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक असतो, म्हणून आपली नजर आधी भरतीच्या वेळापत्रकाकडे जाते. हवाईत हा फरक सहसा एक मीटरच्याही आत राहतो. उथळ प्रवाळावर ओहोटीच्या वेळी अंग खरचटण्याचा धोका असतो, तेवढ्यापुरती भरती-ओहोटी तिथे महत्त्वाची. खरा धोका दूरच्या वादळातून येणाऱ्या लाटांचा असतो. त्यामुळे आकाश निरभ्र, वारा मंद आणि समुद्र मात्र खवळलेला, असे दृश्य तिथे सहज दिसते. ‘हवा छान आहे, म्हणजे समुद्रही छान असेल’ हा अंदाज हवाईत फसतो.

वाऱ्याचाही वाटा आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वर्षातील बराच काळ वाहतात. त्यामुळे पूर्वेकडचे किनारे अधिक खळबळते, तर डोंगरांच्या आडोशाला असलेले पश्चिम आणि नैर्ऋत्य किनारे निवांत राहतात. बहुतेक ठिकाणी सकाळी पाणी स्थिर आणि स्वच्छ असते; दुपार जवळ येते तसा वारा वाढतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पाण्याखालचे दृश्य धूसर होऊ लागते.

छायाचित्रात न दिसणारा धोका

कवाईच्या उत्तर किनाऱ्यावरील लुमाहाई हे सौंदर्य आणि सुरक्षितता यांच्यातील अंतराचे ठळक उदाहरण. १९५८ च्या ‘साउथ पॅसिफिक’ या चित्रपटामुळे हा किनारा जगभर पोहोचला. काळा खडक, सोनेरी वाळू, मागे हिरवे डोंगर; छायाचित्रासाठी याहून सुंदर जागा सापडणे कठीण. पण तिथे लाटा अडवणारी प्रवाळभिंत नाही, जीवरक्षक नाहीत आणि समुद्राकडे खेचणारे प्रवाह जोरदार आहेत. त्याच बेटावर, पायवाटेने गाठावा लागणारा हानाकापिआई किनारा बुडून मेलेल्यांची संख्या मांडणाऱ्या फलकासाठी ओळखला जातो. प्रिन्सव्हिल येथील ‘क्वीन्स बाथ’ हा खडकांतील डोह शांत दिसतो; मात्र काठावर उभ्या असलेल्या माणसांना हिवाळी लाटांनी ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. म्हणून हिवाळ्यात त्याचे फाटक बंद ठेवले जाते.

धोक्याचा दुसरा प्रकार अगदी काठावरचा आहे. ओआहूचा सँडी बीच आणि माउईचा मकेना येथील ‘बिग बीच’ या किनाऱ्यांवर लाट खोल पाण्यात न फुटता थेट उथळ वाळूवर कोसळते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसालाही ती उचलून आपटते, आणि मान व मणक्याच्या गंभीर दुखापती होतात. दोन्ही ठिकाणी जीवरक्षक आहेत. पण मणक्याला इजा होण्याआधी तेही पोहोचू शकत नाहीत. ‘आम्ही काही आत जाणार नाही, फक्त पाय भिजवू’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही माहिती विशेष महत्त्वाची. समुद्राकडे पाठ फिरवू नये, ही हवाईतील जुनी शिकवण आहे. समुद्राकडे पाठ करून रांगेत उभे राहून काढलेला कौटुंबिक फोटो तिच्या नेमका विरुद्ध जातो.

स्नॉर्केलिंग : सोपे दिसणारे, पण सोपे नसलेले

हवाईत समुद्रात होणाऱ्या पर्यटकांच्या मृत्यूंमध्ये स्नॉर्केलिंग हे आघाडीचे कारण असल्याचे राज्याच्या आरोग्य खात्याच्या नोंदी वर्षानुवर्षे दाखवत आल्या आहेत. या मृत्यूंतील बळी बहुधा मध्यमवयीन किंवा त्याहून मोठे पुरुष असतात. खवळलेला समुद्र किंवा पोहता न येणे हीच कारणे असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण राज्य यंत्रणेच्या पाठबळाने या विषयावर झालेल्या सविस्तर अभ्यासाने वेगळी शक्यता पुढे आणली. अनेक घटनांत पाणी शांत होते, माणसाला पोहता येत होते, आणि बुडताना अपेक्षित असलेली झटापट कोणालाच दिसली नाही.

या अभ्यासाने मांडलेले स्पष्टीकरण असे : स्नॉर्केलच्या नळीतून श्वास घेताना हवेला अडथळा होतो. हा अडथळा किती, हे नळीच्या रचनेवर अवलंबून असते आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. हातपाय मारताना जोरजोराने श्वास ओढावा लागला, की छातीत ऋण दाब निर्माण होतो आणि रक्तवाहिन्यांतील द्रव फुप्फुसांत झिरपू लागतो. रक्तातील प्राणवायू झपाट्याने घटतो. आधी धाप लागते, मग हातापायांतील शक्ती जाते, मग घाबरेपणा आणि शेवटी शुद्ध हरपते. माणूस पालथा तरंगत असल्याने शेजारच्याला तो मासेच पाहत आहे असे वाटते. हृदयाचे किंवा उच्च रक्तदाबाचे पूर्वीचे विकार हा धोका वाढवू शकतात. लांबच्या विमानप्रवासाचाही यात वाटा असावा, अशी शंका अभ्यासकांनी व्यक्त केली असून, बेटावर उतरल्यावर दोन-तीन दिवस थांबणे शहाणपणाचे ठरेल, असे सुचवले आहे. संपूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे संकटात चटकन काढता येत नाहीत, हाही चिंतेचा मुद्दा त्यात आला.

पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे पासष्ट वर्षांचे वडील विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी भाड्याचा मुखवटा लावून प्रथमच प्रवाळावर तरंगतात, तेव्हा या यादीतील अनेक घटक एकत्र येतात. तारकर्लीला मार्गदर्शकाच्या हाताशी राहून केलेल्या स्नॉर्केलिंगचा अनुभव इथे पुरेसा मानता येत नाही. म्हणून किनारा निवडतानाच काही गोष्टी पाहाव्या लागतात : पाय टेकतील एवढ्या खोलीत मासे दिसतात का, उतरण्याची आणि बाहेर येण्याची वाट वाळूची आहे की खडकाळ, आणि जीवरक्षकाच्या मनोऱ्यावरून तो भाग दिसतो का. धाप लागल्यास मुखवटा काढावा, उभे राहावे आणि लगेच बाहेर यावे. किनाऱ्याकडे जोराने पोहत सुटू नये. सोबतीने पाण्यात उतरणे म्हणजे सोबत्यावर सतत नजर ठेवणे. नुसते एकाच वेळी पाण्यात असणे पुरत नाही.

हानाउमा आणि हाएना : निर्बंधांनी काय साधले

ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरून तयार झालेला हानाउमा बे १९६७ मध्ये हवाईचे पहिले सागरी संरक्षित क्षेत्र झाला. मासेमारी थांबली, मासे माणसाळले आणि पर्यटक लोटले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे तीस लाख माणसे तिथे येत. प्रवाळ तुडवला गेला, पाणी गढूळ झाले. पुढे प्रवेशशुल्क आले, २००२ मध्ये शिक्षणकेंद्र सुरू झाले आणि पाण्यात उतरण्याआधी माहितीपट पाहणे सक्तीचे झाले. कोविडकाळात २०२० मध्ये सुमारे नऊ महिने किनारा बंद राहिला. तेव्हा पाणी लक्षणीय स्वच्छ झाल्याचे संशोधकांना आढळले, आणि २०२१ पासून ऑनलाइन आरक्षण लागू झाले. आता सोमवार आणि मंगळवार प्रवेश बंद असतो. हवाईच्या रहिवाशांना आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शुल्क नाही. आरक्षण दोन दिवस आधी, हवाईच्या वेळेनुसार सकाळी सात वाजता खुले होते आणि लवकरच संपते.

कवाईच्या हाएनाची कथा आपत्तीतून सुरू होते. एप्रिल २०१८ मध्ये बेटाच्या उत्तर भागात चोवीस तासांत सुमारे पन्नास इंच पाऊस कोसळला. अमेरिकेतील तो विक्रम ठरला. रस्ता खचला आणि उद्यान वर्षभराहून अधिक काळ बंद पडले. २०१९ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा दिवसाला नऊशे पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली. पूर्वी ही संख्या त्याच्या दुपटीहूनही पुढे जात असे. केए किनाऱ्याकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर दुतर्फा गाड्यांच्या रांगा लागत आणि रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नसे.

या दोन्ही उदाहरणांचा अर्थ केवळ पर्यावरणापुरता नाही. मर्यादित गर्दी, जीवरक्षक, सक्तीची माहिती आणि मोकळा रस्ता या गोष्टी किनाऱ्याला पोहणाऱ्याच्या दृष्टीनेही चांगला बनवतात. अर्थात हानाउमातही माणसे दगावतात. तिथल्या बाहेरच्या खोल भागात प्रवाह जोरदार असतात. शिवाय श्वसनाचा वर सांगितलेला धोका आतल्या शांत पाण्यातही संपत नाही. निर्बंध धोका कमी करतात, नाहीसा करत नाहीत.

टीकेलाही आधार आहे. चार प्रौढांच्या कुटुंबाला हानाउमात केवळ प्रवेशासाठी शंभर डॉलर मोजावे लागतात. आरक्षण न मिळालेले पर्यटक घरी बसत नाहीत. ते दुसरा किनारा शोधतात, आणि तो अनेकदा जीवरक्षक नसलेला असतो. म्हणजे एका ठिकाणी नियंत्रित केलेली गर्दी दुसऱ्या ठिकाणी अनियंत्रित होऊ शकते. शिवाय जीवरक्षक सेवा प्रामुख्याने परगण्यांच्या अखत्यारीत येते आणि बेटांवरील अनेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नाहीत. होनोलुलूत २०२४ मध्ये सागरी सुरक्षेसाठी स्वतंत्र खाते निर्माण करण्याला मतदारांनी मान्यता दिली, हे योग्य दिशेचे पाऊल. पण ‘ग्रीन फी’चा हेतू मुख्यतः पर्यावरण आणि हवामान हा आहे. वर्षाला ९० लाखांहून अधिक पर्यटक बोलावणाऱ्या, सुमारे १४ लाख लोकसंख्येच्या राज्याने त्यांच्या जिवाच्या रक्षणासाठी किती खर्च करावा, हा प्रश्न या करानेही पूर्णपणे सुटत नाही.

प्रवाळ राहिला, तरच मासे

स्नॉर्केलिंगचा किनारा प्रवाळावर जगतो. हवाईतील प्रवाळभिंतींवरच्या माशांपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती जगात अन्यत्र आढळत नाहीत. २०१४-१५ च्या उष्ण पाण्याच्या लाटेत प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला आणि हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाहणी झालेल्या ठिकाणी सरासरी निम्मा प्रवाळ नष्ट झाला. दहा वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनात ‘सर्वोत्तम’ ठरलेला किनारा आज तसाच असेल, याची खात्री म्हणूनच देता येत नाही.

सनस्क्रीनवरील कायदा या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. २०१८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री १ जानेवारी २०२१ पासून थांबवली. माउई आणि हवाई परगण्यांनी २०२२ मध्ये पुढे जाऊन खनिजयुक्त सनस्क्रीन वगळता इतरांवर बंदी आणली. हे नियम पाळणे सोपे आहे आणि पाळावेतच. पण तापणारा समुद्र आणि जमिनीवरून येणारी घाण यांच्यापुढे सनस्क्रीनचा प्रश्न लहान आहे. या बेटांवर अजूनही मैलापाण्याचे ८० हजारांहून अधिक शोषखड्डे आहेत. ते २०५० पर्यंत बंद करण्याचे कायद्याने ठरवले आहे. जोरदार पावसानंतर आरोग्य खाते ‘ब्राउन वॉटर’चा इशारा देते, तेव्हा नाल्यांतून माती, जंतू आणि मैला समुद्रात आलेला असण्याची शक्यता असते. अशा दिवशी कितीही आवडता किनारा असला, तरी पाण्याबाहेर राहणे हाच योग्य निर्णय.

कोणत्या बेटावर, कोणत्या महिन्यात

हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुट्टीत, दक्षिण आणि नैर्ऋत्य किनाऱ्यांना पहिली पसंती द्यावी. ओआहूवर आला मोआना बीच पार्कमधील संरक्षित पाणी पोहण्यासाठी उत्तम, तर वायकीकीच्या कुहिओ बीचवरील भिंतींनी अडवलेला भाग नवशिक्यांसाठी सोयीचा आहे. प्रवाळ आणि मासे पाहायचे असतील, तर आरक्षण करून हानाउमा. माउईवर कीहेई भागातील कामाओले किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. कवाईवर पोईपू, आणि लहान मुलांसाठी लिडगेट येथील दगडी बांधांनी घेरलेली दोन तळी. तिथे मासेही दिसतात आणि जीवरक्षकही असतात. हवाई बेटावर कोनाजवळील काहालुउ बीच पार्कमध्ये उथळ पाण्यात मासे दिसतात आणि जीवरक्षकाची सोय आहे. त्याच बेटावरील ‘टू स्टेप’ येथील प्रवाळ अधिक देखणा असला, तरी तिथे खडकावरून थेट खोल पाण्यात उतरावे लागते आणि जीवरक्षक नाही. ती जागा सराव असलेल्यांचीच.

उन्हाळ्यात उत्तरेचे दार उघडते. ओआहूचे शार्क्स कोव्ह, कवाईचे केए, माउईचा होनोलुआ बे येथील पाणी तेव्हा अनेकदा निवळशंख असते. तरीही त्या-त्या दिवशीचा इशारा पाहणे चुकत नाही. राष्ट्रीय हवामान सेवा लाटेची दर्शनी उंची सांगते. स्थानिक सर्फर त्याच लाटेला जवळपास निम्मा आकडा देतात. त्यामुळे कोणाचे ‘सहा फूट’ ऐकतो आहोत, हे समजून घ्यावे. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी वायकीकी, आला मोआना आणि हानाउमा येथे बॉक्स जेलीफिश येतात. सहलीच्या तारखा ठरवताना पंचांग पाहण्याचे हे एक अगदी ऐहिक कारण!

वाळूवर पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे नुसते पाहत राहणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. लाटा गटांनी येतात. दोन गटांमधली शांतता दहा मिनिटांचीही असू शकते, आणि नवखे पर्यटक नेमके तेवढ्यात पाण्यात उतरतात. मग जीवरक्षकाकडे जाऊन ‘आज कुठे उतरावे?’ असे विचारावे. त्या दिवशीच्या पाण्याबद्दल त्याच्याइतके नेमके उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

हवाईच्या कायद्यानुसार लाटा पोहोचतात तिथपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे. आलिशान हॉटेलासमोरची वाळूही कोणाच्या खासगी मालकीची नाही. या मोकळेपणाचा अर्थ असाही होतो, की बहुतेक ठिकाणी माणसाला अडवणारे कोणी नसते. जिथे फाटक, शुल्क, आरक्षण आणि मनोऱ्यावर जीवरक्षक आहे, तिथे निर्णयाचा काही भार राज्याने उचललेला असतो. उरलेल्या किनाऱ्यांवर तो संपूर्णपणे कुटुंबातील त्या माणसावर येतो, ज्याने सहल आखली आणि आई-वडिलांना ‘चला, इथे उतरू या’ म्हटले.